पंखा गायब करणारा माइक

आपल्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या अनुभवांवर लिही, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. या सदरात आजवर लिहिणारे सगळे आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले. माझं काम म्हणजे कॉलेज सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे आवाज रेकॉर्ड करून देणं. त्याला जेमतेम दोन वर्षं झाली आहेत आणि त्याला काम म्हणणारा आमच्या घरात मी एकटाच आहे. पण संपादक काकू म्हणाल्या, मराठीत लिहायला तयार असलेला विशीतला मुलगा आम्हाला दुसरा सापडत नाही, तेव्हा तू लिहीच. म्हणजे माझी निवड गुणांवर झालेली नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. शाळा-कॉलेज हिंदीतून झालं, मराठी घरातली. शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्यावं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा गोहलपुरात सलवार-सूटच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. दिवसभर शिलाई मशिनींच्या खडखडाटात असतात, म्हणून घरी आल्यावर त्यांना कोणताच आवाज नको असतो, आणि मुलानं नेमका आवाजाचा धंदा काढला. आईचा प्रश्न वेगळा होता.

"म्हणजे दुसरा बोलते आणि तू नुसता ऐकून राहतो?"

मी हो म्हणालो.

"अन् त्याचे पैसे तुलाच देते? काहून?"

या 'काहून'ला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. साधारण असं आहे: स्टुडिओत माणूस माइकपाशी येतो, माझ्या कामात माइक माणसापाशी जातो. शेतात, देवळात, लग्नघरात, जिथे तो माणूस नेहमीसारखा बोलतो किंवा गातो तिथे. फोनमध्येही रेकॉर्डिंग होतंच. पण फोन स्वतःच्या मनानं आवाज कमी-जास्त करतो. कोणी हळू गायला लागलं की तो आवाज वर ओढतो, आणि त्याबरोबर मागच्या म्हशीलाही वर ओढतो.

सामान घ्यायच्या आधी मी कित्येक महिने नुसते व्हिडिओ बघत होतो. त्यात परदेशातली माणसं हिरव्या जंगलात उभी राहून 'स्वस्त' रेकॉर्डरबद्दल बोलत. त्यांचं स्वस्त म्हणजे माझी वर्षभराची फी. एवढं बघितलं की एकही आवाज रेकॉर्ड न करता मला त्या विषयात पक्की मतं झाली. मित्रांना मी सल्लेही देत होतो. शेवटी गोहलपुरात बाबांच्या कारखान्याच्या गल्लीत सलीम भैयांचं दुकान आहे, त्यांच्याकडून एक जुना, तळहाताएवढा रेकॉर्डर घेतला. सलीम भैया मुळात लग्नाच्या डीजेवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करतात. माझं गिऱ्हाईकपण त्यांना पहिल्यापासून किरकोळ वाटत आलं आहे.

स्वस्त रेकॉर्डरची दोन दुखणी असतात, ती सांगून ठेवतो. आवाज फार हळू असला तर मागे सतत 'स्स्स' ऐकू येतं, दूर कुठंतरी पोळी भाजत असल्यासारखं. आणि आवाज फार मोठा झाला तर तो फाटतो, कागद फाटावा तसा. यांच्या मधल्या पट्ट्यात बोलणारी माणसं स्वस्त रेकॉर्डरला फार आवडतात. दुर्दैवानं तशा माणसांना आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवावासा वाटत नाही.

तिसरा त्रास वाऱ्याचा. वारा माइकवर आला की ट्रक अंगावर आल्यासारखा आवाज येतो. त्यासाठी माइकवर केसाळ टोपडं घालतात. बाजारात ते रेकॉर्डरच्या निम्म्या किमतीला होतं. बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि परत ठेवायला सांगितलं. मग शेजारच्या कारखान्यात लहान मुलांच्या जॅकेटांच्या टोप्यांना लावतात त्या खोट्या फरचा उरलेला तुकडा आणून त्यांनी एका संध्याकाळी मला टोपडं शिवून दिलं, आतून अस्तर लावून. ते अजून वापरतो. फक्त त्याचा रंग पिवळसर आहे आणि त्यामुळे रेकॉर्डर हा एखाद्या प्राण्यासारखा दिसतो.

त्या प्राण्याला घेऊन मी कॉलेजच्या सरांबरोबर कुंडमकडच्या एका गावात गेलो होतो. सरांना तिथल्या बायकांची करमा नाचाची गाणी हवी होती. सगळ्यांत जाणत्या गाणाऱ्या आजी माझ्यासमोर बसल्या, फरवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "इसका मुँह किधर है?" मी दाखवलं. त्यांना वाटलं, तोंड आहे तर कानही जवळच असणार, म्हणून त्या अगदी टेकून गायल्या. पहिलं गाणं पूर्ण फाटलं. दुसऱ्या गाण्यात गावातलं एक कुत्रं शेजारी बसून फरकडे बघत गुरगुरत राहिलं, त्याला कोणी हाकलायला तयार नव्हतं, कारण कुत्र्याचं म्हणणं सगळ्यांना पटत होतं. सरांच्या संग्रहात ते गाणं आहे. लय सांभाळूनच गुरगुरतं, असं सर म्हणतात.

शहरातली गिऱ्हाइकं आणखी वेगळी. आपल्यातल्याच एका काकांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला त्यांचं भाषण रेकॉर्ड करायचं होतं. रेकॉर्डरला वायरनं जोडायचा एक साधा माइक होता, तो कॉलरला लावायचा म्हटलं तर काकू म्हणाल्या, फोटोत किडा बसल्यासारखा दिसेल. म्हणून मी तो शालीच्या आत लावला. भाषण चांगलं झालं असावं, लोक मध्ये मध्ये डोळे पुसत होते. माझ्याकडे आहे ती फक्त शाल. शाल खांद्यावरून सरकते, शाल परत वर घेतली जाते, शाल भावनावश होते. काका भेटले की अजून विचारतात, साफ झालं का रे ते? मी म्हणतो, करून राहिलो.

या शालीनंतरच मी ठरवलं की आता चांगला माइक घ्यायचा. सलीम भैयांनी काउंटरखालून एक डबी काढली. आत बोटाच्या पेराएवढा माइक, कॉलरला चिमट्यानं लावायचा, वायर नाही, आवाज थेट फोनमध्ये. रील बनवणारी मुलं वापरतात ती वस्तू. भैयांनी डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगानं लावला. शेजारी लोखंड कापायचं चक्र चालू होतं. त्या दोन्हींच्या आवाजात ते माइकमध्ये काही बोलले आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. पंखा नव्हता. चक्र नव्हतं. फक्त भैयांचा आवाज होता, रेडिओवर बातम्या लागल्यासारखा स्वच्छ.

"पंखा गायब," ते म्हणाले. "पूरा गोहलपुर गायब."

मी जवळजवळ हात जोडले. ही वस्तू काय करते तर माणसाचा बोलण्याचा आवाज ओळखते आणि बाकी सगळं गाळून टाकते. किंमतही परवडण्यासारखी होती. घरी येऊन मी आईला पंख्याखाली उभं करून ऐकवलं. आई म्हणाली, पंखा तर चालू आहे. तिला हेडफोन लावायचं राहून गेलं होतं.

आता पाटणचं काम सांगतो. त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो, बाकीचं धीर येण्यासाठी लिहिलं.

स्वातीदीदी जबलपूरजवळच्या पाटणला एका शाळेत शिकवतात. माझ्या कॉलेजातल्या एका मुलीच्या त्या ओळखीच्या. त्यांचे वडील, ढोमणे काका, पाटणच्या धान्य मंडीत लिलाव पुकारायचे. घराणं मूळ विदर्भातलं, नोकरीमुळे इकडेच राहिलेलं. काकांच्या गळ्याला कॅन्सर निघाला होता आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार होते. पुढच्याच आठवड्यात भरती व्हायचं होतं. आवाज घोगरा झाला होता, पण होता. तो जायच्या आधी दीदींना रेकॉर्ड करून ठेवायचा होता.

फोनवरच त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "मंडीवाला आवाज नको, निखिल. तो सगळ्या पाटणला माहीत आहे. मला घरचा पाहिजे."

अडचण अशी होती की काका घरी फारसं बोलतच नसत. दिवसभर पुकारायचं म्हणून घशाला आराम द्यायची सवय त्यांनी लावून घेतली होती. चहा खुणेनं मागायचे. दीदींची आई लवकर गेली, त्यामुळे घरात दोघंच, आणि त्यातला एक गप्प. वडील गावभर ओरडतात आणि आपल्या वाट्याला चार शब्द येतात, हे दीदींनी हसून सांगितलं. ते हसणं मला नीट जमलेलं वाटलं नाही.

मी गेलो तेव्हा काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. मी चिमटा कॉलरला लावला आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, पंखा राहू द्या, काही फरक पडत नाही. मग सुरू करा म्हणालो. काकांनी घसा साफ केला आणि हिंदीत सुरुवात केली. "मैं, निवासी पाटन, तहसील पाटन…" एखाद्या चौकीत जबानी द्यावी तसं त्यांनी नाव, पत्ता, नोकरीची सुरुवात सांगितली आणि थांबले.

"बाबा, असं नाही," दीदी म्हणाल्या. "माझ्याशी बोला ना. नेहमी बोलता तसं."

काकांनी विचार केला. "नेहमी मी काय बोलतो?"

दीदींनाही आठवेना. मग काकांनी माइककडे मान वाकवून, अगदी शिस्तीत विचारलं, "जेवण झालं का?" आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून.

मी ते दीदींना हेडफोनवर ऐकवलं. आवाज काचेसारखा स्वच्छ होता. त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "हे बाबा वाटत नाहीत," एवढंच म्हणाल्या. माझ्या सामानात काहीच दोष नव्हता, त्यामुळे मला काय करावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मंडीत सगळ्यांना भेटून यायला निघणार होते, त्यानंतर सरळ जबलपूरला, दवाखान्यात. मला म्हणाले, तिकडेच ये, चालता-चालता बोलेन. दीदींच्या ते मनात नव्हतं, पण दुसरी वेळच उरली नव्हती.

मंडी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: गव्हानं भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. पुकारणारा एका ट्रॉलीपाशी येतो, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं. मूठभर गहू हातावर घेऊन बघतात आणि क्विंटलचा भाव बोलायला लागतात, पंचवीसशे दहाला नुसतं 'पच्चीस दस'. कोणी तोंडानं, कोणी नुसती मान हलवून, कोणी एक बोट दाखवून. पुकारणारा प्रत्येक नवा भाव मोठ्यानं सगळ्यांना ऐकवतो, थांबतो, आणखी कोणी चढतं का बघतो. कोणी चढलं नाही की एक, दो, तीन. शेतकरी बाजूला उभा राहून सगळं बघत असतो. मग कोंडाळं पुढच्या ट्रॉलीकडे. ट्रॅक्टर सुरू होतात, बंद होतात, हमाल ओरडतात, सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या असतात.

मी काकांच्या कॉलरला चिमटा लावला, फोन हातात धरला. जुना रेकॉर्डरही आणला होता, पिवळ्या टोपड्यासकट. हात मोकळे नव्हते म्हणून तो चालू करून दीदींच्या हातात दिला. खरं सांगायचं तर त्यांनाही काहीतरी काम असावं म्हणून दिला. त्यातून काही मिळेल अशी मला अपेक्षा नव्हती.

काका लोकांना भेटत होते. नवा पुकारणारा तरुण होता, त्यानं वाकून नमस्कार केला. मग एक म्हातारा व्यापारी म्हणाला, "दादा, एक ट्रॉली तो लगा दो. जाते-जाते." बाकीच्यांनीही लावून धरलं. दीदी पुढे झाल्या, म्हणाल्या, बाबा, ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. काकांनी त्यांना हातानंच थांबवलं, घरी चहा मागतात तोच हात असावा. आणि ट्रॉलीत हात घालून मूठभर गहू घेतला.

पहिल्या शब्दाला आवाज चिरकला. दुसऱ्याला सापडला. "पच्चीस दस. पच्चीस बीस. बोलो भाई, दाना देखो, पच्चीस तीस." त्या घोगऱ्या आवाजात अजून इतकी ताकद होती की शेजारच्या रांगेतली माणसंही वळून बघायला लागली. असं मला नंतर दीदींनी सांगितलं. मी स्वतः तेव्हा फोनवरची हिरवी पट्टी बघत होतो. पट्टी फार छान चालली होती.

तीन म्हणून झाल्यावर कोंडाळं मोडलं. काका खोकत बाहेर आले, पाणी प्यायले, दीदींपाशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात मागचा ट्रॅक्टर सुरू झाला. काकांचे ओठ हलताना मी बघितले, पण माझ्या हेडफोनमध्ये शांतता होती. खोकत असतील, असं मला वाटलं, आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं.

काकांचं ऑपरेशन नीट झालं. मधल्या काळात माझी परीक्षा होती. परीक्षा संपल्यावर मी ते रेकॉर्डिंग आणखी घासूनपुसून स्वच्छ केलं, खोकला काढला, आणि पाटणला गेलो. काका अंगणात भिंतीच्या सावलीत बाजेवर बसले होते. गळ्यावरच्या श्वासाच्या छिद्रावर जाळीचा पातळ रुमाल. मला बघून त्यांनी हात वर केला.

दीदींनी उभ्या-उभ्याच हेडफोन लावून ऐकलं. मी कौतुकाची वाट बघत होतो. दाद मिळण्याआधी नम्रपणे काय म्हणायचं तेही ठरवून आलो होतो.

"आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या. मग जरा अडखळल्या. "पण बाबा हे कोणाला विकून राहिले?"

मी हेडफोन घेऊन परत ऐकलं. पच्चीस दस, शांतता. पच्चीस बीस, शांतता. कोणी भाव बोलत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. माझ्या माइकनं पंख्याबरोबर व्यापारीही गाळले होते, शेतकरी, हमाल, चिमण्या, सगळी मंडी. रिकाम्या जागेत उभा राहून एक माणूस आपलाच भाव आपणच चढवत होता. मी हे आठवडाभर ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी स्वतःची पाठ थोपटली होती.

"माझ्या हातात जे होतं, त्यात काय आलं?" दीदींनी विचारलं.

ते मी ऐकलंच नव्हतं. फाटलं असणार, असं मी म्हणालो. रेकॉर्डर पिशवीत होता. त्यांनी तो मागितला आणि हेडफोन त्याला लावले. दुसरे माझ्याकडे नव्हते, म्हणून आम्ही एकेक कान वाटून घेतला. फाटलंच होतं. काकांचा मोठा आवाज जागोजागी चरचरत होता. पण त्याच्या आगेमागे माणसं होती. कोणीतरी भाव बोलायचं, काका तो उचलून वर न्यायचे, कोणीतरी 'अरे दादा' म्हणायचं, मागे हसणं. मग एक, दो, तीन. मग खोकला, पावलं. मग ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टरच्या आत, अगदी जवळ, रेकॉर्डर धरलेल्या हातापाशी, बारीक, घोगरा आवाज:

"उन्हात काहून उभी राहिली? सावलीत हो, बाई."

दीदींनी मागे नेऊन परत लावलं. परत एकदा. मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, म्हणून मी म्हणालो की थोडा वेळ दिला तर तो ट्रॅक्टर मी काढू शकेन.

"राहू दे ट्रॅक्टर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तर मला ऐकू पण नव्हतं आलं."

मग त्यांनी हेडफोनची वायर उपसली आणि रेकॉर्डर घेऊन बाजेपाशी गेल्या. त्याला छोटासा स्पीकर आहे, डबीत दाणे वाजवावेत तसा वाजतो. काका मान कलती करून ऐकायला लागले. लिलाव चालू झाला तशी त्यांची बोटं बाजेच्या दोरीवर हलायला लागली. एका व्यापाऱ्याचा आवाज ओळखून ते हसले, छाती हलली, आवाज नव्हता. एक, दो, तीन झालं. ट्रॅक्टर सुरू झाला.

त्या बारीक आवाजाला काकांची बोटं थांबली. त्यांनी रेकॉर्डरकडे बघितलं आणि मग वर, दीदींकडे. दीदी बाजेच्या कडेला भर उन्हात उभ्या होत्या. काका हातावर जोर देऊन भिंतीकडे सरकले आणि शेजारी जागा केली.